जात्यावरच्या बैठका

गिरिजाबाईनं तालमीचा उंबरा जन्मात ओलांडला नव्हता. बाईमाणूस तिकडं जाणार कशाला? पण सास्तूरच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात एक मोडून पडलेला पैलवान घरच्या घरी उभा केला तो तिनंच. तिनं ते कसं केलं हे ऐकून आधी हसू येतं, आणि मग हात जोडावेसे वाटतात.

तो पैलवान म्हणजे तिचा नवरा सिद्रामप्पा. त्याचं भुसार मालाचं दुकान होतं, पण गाव त्याला ओळखायचं ते काठीमुळं. चैत्रातल्या जत्रेत महादेवाचा नंदीध्वज निघायचा. घराहून उंच वेळू, त्याला कापडाचा साज, वर पितळी नंदी. या ध्वजाला गावात नुसतं काठी म्हणत. कमरेच्या चामडी पट्ट्यात तिचं बूड बसवायचं आणि देवळापासून ओढ्यापर्यंत जमिनीला न टेकवता न्यायची. पहिल्या काठीचा मान सिद्रामप्पाच्या घराकडं वडिलांपासून होता. घरच्या माणसाला काठी पेलली नाही तर मान भावकीत जायचा, आणि एकदा गेलेला मान परत येत नसे.

पोळ्याच्या सुमारास सिद्रामप्पाची बैलगाडी ओढ्यात उलटली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. दिवाळीला हाडवैद्यानं मांडीला बांधलेल्या कामट्या सोडल्या तेव्हा पाय पार वाळून गेला होता.

"हाड जुळलंय मालक," वैद्य म्हणाला. "आता बैठका मारा. न्हाय मारल्या तर काठी ऱ्हाऊ द्या, दुकानाची पायरीबी चढवणार न्हाय."

बैठका मारायच्या कुठं? राज्य निजामाचं. चार तरणी पोरं एकत्र जमली की वरच्या अंमलदारांना बंडाचा संशय यायचा, म्हणून सरकारी इजाजत नसल्याचं निमित्त काढून गावच्या तालमीला टाळं ठोकलेलं. राहिलं घर, आणि घरात सिद्रामप्पाचं मन लागेना. तालमीत उस्ताद ओरडायचा, जोडीदार डिवचायचे, कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीचा वास असायचा. इथं समोर पांढरी भिंत आणि कोपऱ्यात रवंथ करणारी शेळी. चार बैठका झाल्या की गडी खाली बसायचा.

"ही भिंत काय शाब्बास म्हंती का मला?" तो करवादायचा. एक दिवस थंडी, एक दिवस अमावस्या, एक दिवस सोमवारचा उपास. सबबी काढण्यात मात्र पैलवान जराही लंगडत नव्हता.

गिरिजाबाई सगळं बघत होती. नवऱ्याचा पाय दुखतो याचं तिला वाईट वाटायचं. पण त्याहून वाईट वाटायचं ते दुसरंच. दुकानापुढून जाताना कुणी जत्रेचा विषय काढला की हा माणूस खाली मान घालून उगाच तराजू पुसत बसायचा. ती खाली गेलेली मान तिला बघवत नव्हती.

एका पहाटे ती ज्वारी दळत होती. ओवी गाता गाता तिचं लक्ष दारातून बाहेर गेलं, तर सिद्रामप्पा ओसरीच्या खांबाला टेकून ओवीच्या ठेक्यावर मान डोलवत होता. तिनं जात्याचा खुंटा सोडला नाही, नुसती म्हणाली, "आवो, मान कशाला हालवताव? खांब धरा आन् खाली-वर व्हा. जातं फिरतंय तवर थांबायचं न्हाय. जातं थांबलं की तुमी थांबा."

"आन् तू थांबलीसच न्हाय तर?"

"मग तुमीबी थांबू नका."

झालं, घरातच तालीम सुरू झाली. ओवीचा पहिला चरण म्हटला की त्यानं खाली बसायचं, दुसऱ्याला उठायचं. सुरुवातीला त्यानं लबाडी केली. ती जातं घेऊन आत बसायची, हा बाहेर ओसरीवर दाराआड आरामात टेकून नुसती टाच आपटायचा आणि मोठ्यानं उसासे टाकायचा. तिसऱ्या दिवशी गिरिजाबाई दाराआडून डोकावली.

"टाच हापटून मांडी भरती व्हय?" म्हणाली, आणि भावकीतल्या पोरांना बोलावून जातंच ओसरीवर आणून बसवलं, अगदी त्याच्या नाकासमोर.

आता त्याच्यासाठी ती ओव्याही नव्या जोडू लागली. सोशिक सासुरवाशिणीच्या ओव्या बाजूला पडल्या.

जात्याला न्हाई कंटाळा, दगड असून,
पैलवान माझा गं बाई, बसला रुसून.

असं ऐकल्यावर कुठला पैलवान बसून राहील? तो दात-ओठ खात उठायचा, आणि उठता उठता हसायचा.

पण घरात खाणारी तोंडं मोजकी, आणि पैलवानाच्या बैठका वाढत चाललेल्या. घरची ज्वारी दळून संपली, पिठाचे डबे भरले. मग गिरिजाबाई शेजारच्या नागूबाईकडं जाऊन तिचं दळण मागून आली. हळूहळू निम्म्या गल्लीचं दळण तिच्या जात्यावर येऊ लागलं. दुकानदाराची बायको लोकांचं दळते म्हणून भावकीनं नाकं मुरडली. तिनं कानाडोळा केला. गल्लीतल्या बाया आपापल्या दारात सडा घालताना त्याच ओव्या गुणगुणू लागल्या. तिचा उजवा खांदा सुजायचा. नवरा दुकानात गेला की ती नागूबाईकडून गुपचूप तेल चोळून घ्यायची आणि वर पदर ओढायची. नुसत्या हट्टानं एवढं होत नाही. त्याला फार मोठी माया लागते.

चैत्र आला. सिद्रामप्पाची मांडी भरली होती. पट्टा आवळून त्यानं काठी उचलली तेव्हा गावानं हर्र बोला हर्रची आरोळी ठोकली.

निम्मी वाट झकास पार पडली. वेशीत आल्यावर मात्र पुढं वाजवत चाललेल्या लिंबाजीची हलगी चढली, तरणी पोरं नाचू लागली, आणि सिद्रामप्पाचं पाऊल चुकलं. मग दुसरं चुकलं. वरचा नंदी डुलायला लागला. त्याचा चुलतभाऊ कल्याणप्पा पुढं धावला. तो मनानं वाईट नव्हता.

"दादा, द्या हिकडं. काठी पडली तर लई वंगाळ."

बायांच्या घोळक्यात आरतीचं ताट घेऊन उभ्या गिरिजाबाईनं त्याच्या पावलांकडं बघितलं. चूक तिच्या ध्यानात आली. तिनं सगळा हिवाळा त्याला जात्याच्या संथ चालीवर उठवला-बसवला होता. हलगीवर एकदाही नाही. पाय भरला होता, पण त्या पायाला दुसरा ठेका ठाऊकच नव्हता.

मिरवणुकीत बायांनी आवाज चढवायची रीत नव्हती. तिनं ताट नागूबाईच्या हातात दिलं आणि भर वेशीत गळा सोडला, "जात्याला न्हाई कंटाळा, दगड असून..."

पहिला चरण तिनं एकटीनं म्हटला. दुसऱ्याला नागूबाईनं साथ दिली, आणि मग जिचं जिचं दळण त्या जात्यावर आलं होतं ती ती बाई गाऊ लागली. लिंबाजी जुना वाजवणारा. त्यानं क्षणभर हलगी थांबवली, कान दिला, आणि ओवीच्या चालीवर सावकाश टिपरू टाकलं. सिद्रामप्पाला भर मिरवणुकीत हसू फुटलं. त्याची पाठ ताठ झाली, काठी सरळ झाली. कल्याणप्पानं पुढं केलेले हात जोडले आणि तो बाजूला झाला. काठी ओढ्याला पोचली ती कुठंही न टेकता.

दुसऱ्या दिवशी आता काय घाई म्हणून गिरिजाबाई निवांत निजली. जाग आली ती जात्याच्या घरघरीनं. धडपडत ओसरीवर आली, तर सिद्रामप्पा मांडी घालून जात्याशी बसलेला, अंगभर पीठ, निम्मी ज्वारी बाहेर सांडलेली.

"आवो, हे काय? लोक बघत्याल!"

"बघू दे," तो धापा टाकत म्हणाला. "तुज्या खांद्याला त्येल लागतं, हे काल नागूवैनीनं सांगितलं मला. आजपासनं दळण म्या दळणार. तू बस आन् ओवी म्हण."

गिरिजाबाई खांबाला टेकून बसली. जात्याची घरघर एका चालीवर आली तशी तिनं ओवी उचलली.