माडाच्या माथी मारलेला पोचा

आमच्या गाडीच्या बॉनेटवर काही वर्षांपूर्वी पडलेला पोचा नारळामुळे पडला नव्हता. तो मी बसल्यामुळे पडला होता. एवढे साधे विधान करायला मला जी वर्षे लागली, त्या वर्षांत माझ्या सासऱ्यांचा एक निरपराध माड आरोपी म्हणून उभा राहिला, आणि त्याचेच नारळ मी मुकाट्याने खात राहिलो. मी स्वभावाने मवाळ आहे. आवाज चढवत नाही, कोणाला उलट बोलत नाही. हळू आवाजात बोललेले खोटे थोडे कमी खोटे असते, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. आता ती राहिलेली नाही.

आम्ही आचोळ्याला सोसायटीत राहतो आणि पत्नीचे माहेर पापडीला, वाडीत. सासरे ऐंशीच्या घरातले. त्यांना सगळेच बाबा म्हणतात. केळी, अबोली आणि ओळीने उभे माड एवढा त्यांचा संसार, आणि त्या संसारात त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान: त्यांच्या वाडीत नारळ कधी आपण होऊन पडत नाही. तो तयार होताच उतरवला जातो. ज्याच्या वाडीत नारळ पडतो त्याचे वाडीकडे लक्ष नाही, असे ते मानतात. अंगणातला माड त्यांनी माझी पत्नी जन्मली त्या वर्षी लावला होता. दोघांना शेजारी उभे करून उंची मोजण्याची घरात पद्धत होती. सुरुवातीला पत्नी पुढे होती. मग माड जो निघून गेला तो गेलाच. ती शर्यत बरोबरीची नव्हती, कारण माडाला शाळा नव्हती, असे पत्नी अजूनही म्हणते.

तर एका रविवारी मी पत्नीला पापडीला सोडले आणि सीएनजी भरून येतो म्हणून निघालो. आमच्या भागात सीएनजीच्या रांगेत गेलेल्या माणसाची कोणी वाट पाहत नाही. तो येईल तेव्हा येतो. या सवलतीचा फायदा घेऊन मी थेट राजोडीच्या किनाऱ्यावर गेलो. कारण सांगताना आजही संकोच वाटतो. कार्यालयातील तरुण सहकाऱ्यांनी आपापल्या गाडीच्या बॉनेटवर बसून, दूर क्षितिजाकडे पाहत काढलेली छायाचित्रे मी पाहिली होती. पन्नाशी ओलांडलेल्या मला तसे एक छायाचित्र हवेसे वाटले. सुरूच्या झाडांखाली गाडी उभी केली, एका दगडाला टेकवून मोबाइल ठेवला, थोड्या वेळाने आपोआप फोटो निघेल असा त्याचा टायमर लावला आणि धावत जाऊन बॉनेटवर बसलो. बसलो म्हणणे सौम्य झाले. मोठ्या डब्याचे झाकण अंगठ्याने दाबावे तसा एक आवाज झाला आणि मी अपेक्षेपेक्षा थोडा खाली गेलो. छायाचित्रात क्षितिज आले होते, माझे उघडे तोंड आले होते. ते मी तिथेच पुसून टाकले.

पोचा मात्र पुसता येण्यासारखा नव्हता. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बशांसारखा त्याचा आकार होता आणि तो कशाचा आहे हे मला तरी स्पष्ट दिसत होते.

वाडीत परतलो तेव्हा घर दुपारच्या झोपेत होते. मी गाडी अंगणातल्या माडाखाली लावली. पडवीत नारळांचा ढीग होता. त्यातला एक उचलून पुढच्या चाकाजवळ ठेवला आणि आत जाऊन आडवा झालो. थोड्या वेळाने दचकून उठलो, कारण मी ठेवलेला नारळ सोललेला होता, आणि माड कितीही रागावला तरी सोललेला नारळ टाकत नाही. पुन्हा बाहेर गेलो, तो उचलला आणि सोडणासकट असलेला एक तिथे ठेवला. खोट्यासाठी इतकी काळजी घेणारा माणूस खऱ्याच्या बाबतीत इतका निष्काळजी कसा, हा प्रश्न मी पुढे स्वतःला अनेकदा विचारला.

संध्याकाळी बाबांनी पोचा पाहिला. मी फक्त मान वर करून माडाकडे पाहिले. ते म्हणाले, नारळ पडला वाटते. मी म्हणालो, "बहुधा." माझे पहिले खोटे एवढेच, एक नजर आणि एक शब्द. बाबांनी पोच्यावरून हात फिरवला आणि निर्णय दिला की नारळ दोन पडले. एक सापडला होता. मग दुसरा शोधण्यासाठी बाबा, पत्नी आणि मी टॉर्च घेऊन अबोलीच्या वाफ्यांत अंधार पडेपर्यंत वाकून फिरलो. सर्वांत मन लावून मीच शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणारे विमा एजंट गाडी पाहायला आले. बाबांचा निरोप होता की आमच्या माडाने नुकसान केले आहे, तेव्हा विमा कंपनीकडून भरपाई मागावी आणि गरज पडल्यास ते स्वतः साक्ष देतील. एजंटांनी पोचा बघितला, मग माझ्याकडे बघितले. मला उगाच वाटले की ते माझ्या कमरेकडे बघत आहेत. ते म्हणाले, "पोचा लहान आहे आणि बोनस मोठा आहे, साहेब. क्लेम केलात तर बोनस शून्यावर येईल. मग पुढची काही वर्षं हप्त्यातून हा पोचाच भरत बसाल."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: वर्षभर भरपाई मागितली नाही की नूतनीकरणाच्या वेळी कंपनी सूट देते, तिलाच बोनस म्हणतात, आणि ती सूट दरवर्षी चढत अर्ध्यापर्यंत जाते. माझी ती अर्ध्यापर्यंत गेलेली होती. शाळेत मला कधी बक्षीस मिळाले नव्हते, त्यामुळे या सवलतीबद्दल मला वाजवीपेक्षा अधिक ममत्व होते. लग्नकार्यातही मी तिचा उल्लेख करीत असे. मी क्लेम केला नाही. पोचा गॅरेजमध्ये स्वखर्चाने काढून घेतला. म्हणजे विम्याच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते.

बाबांच्या दृष्टीने मात्र फार घडले होते. जावयाला आपल्या अंगणात तोशीस लागली, हे त्यांना सहन होईना. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली आणि हप्ता थोडा वाढला. गाडी जुनी झाली की कंपनी तिची किंमत कमी धरते, त्यामुळे काही भाग उतरला होता. पण दुसऱ्याच्या नुकसानीसाठी सक्तीने घ्यावा लागतो त्या भागाचा दर सरकार ठरवते, आणि तो सज्जनाला आणि बेफिकिराला सारखाच वाढला होता. बाबांनी वाढ ऐकली आणि ताबडतोब नारळांचे पोते आचोळ्याला पाठवले. मी फोन करून सांगितले की याचा माडाशी संबंध नाही, आपण क्लेमच केलेला नाही. त्यावर ते म्हणाले, "कंपनीला सगळं कळतं, जावईबापू. तुम्ही नाय सांगितलं म्हनून काय झालं."

मी आणखी समजावायला हवे होते. पण नारळ उत्तम होते.

त्यानंतरच्या वर्षी, पावसाळ्यात सोसायटीत पाणी शिरते म्हणून मी इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतले. पाऊस वाढला की आमच्याकडे सगळे आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन उभ्या करतात. मला मात्र पुलावर जागा मिळेपर्यंत नेहमी उशीर होतो. हप्ता पुन्हा वाढला. पोते पुन्हा आले, आणि सोबत केळ्यांचा घड. सुटे भाग बदलताना घसारा कापला जाऊ नये म्हणून त्याच्या पुढच्या वर्षी जादा पैसे भरले, तेव्हा अळूही आले. दरवाढीची सगळी कारणे माझ्याकडे होती आणि भाजीही माझ्याकडेच येत होती. पत्नी वडिलांना म्हणे, बाबा, किती पाठवता. बाबा म्हणत, माडाचे आहे ते माडानेच फेडले पाहिजे. एकदा तर त्यांनी माडाकडे बघत, घरातल्या वांड मुलाविषयी बोलावे तसे सांगितले की आता सुधारलाय तो, एक पडू देत नाय.

यानंतर माझ्या हातून खरा अपराध घडला. एका वर्षी नूतनीकरणाच्या सुमारास मी मोबाइलवर वेगवेगळ्या कंपन्यांचे दर बघू लागलो. बाजार उठताना भाजी स्वस्त होते तसा विमाही होईल, अशी माझी काहीतरी धारणा झाली. रोज संध्याकाळी दर बघायचे, आणखी उतरेल म्हणून थांबायचे. दरम्यान मुदत संपली. विम्याशिवाय गाडी काढणे बरोबर नव्हे, म्हणून मी तिच्यावर कापड घातले आणि आरोग्यासाठी चालतो आहे, असे घरी सांगितले. चालण्याने वजन उतरले, दर उतरले नाहीत. मुदत संपल्यानंतर तीन महिने उलटले की साठलेली सूट जप्त होते, हे मला एजंटांनी जिन्यात गाठून सांगितले तेव्हा ते तीन महिने उलटून गेले होते. नव्या विम्यासाठी गाडीची चारही बाजूंनी तपासणी झाली, आणि जिचा मी लग्नकार्यात उल्लेख करीत असे ती सूट शून्य झाली.

बोनस गेला आणि हप्ता वाढला हे ऐकून पत्नीने पापडीत, बाबांच्या देखत, विचारले, "अहो, इतका कसा?" खरे उत्तर एका वाक्यात देता आले असते. मी चहाच्या कपात पाहत हळूच म्हणालो, "ते जुनं प्रकरण असेल." बाबा उठून वाडीत गेले.

दोन दिवसांनी पत्नीला त्यांचा फोन आला. अंगणातला माड तोडायचा ठरवला आहे, रविवारी माणूस बोलावला आहे. जावयाचा बोनस आता पुन्हा पहिल्यापासून चढायचा, तर त्यावर आणखी नारळ नको. पत्नीने फोन ठेवला. मग मला म्हणाली, बाबांचेही बरोबर आहे, गाडी दर वेळी तिथेच लागते. तिने माझ्या बाजूने बोलावे, आणि तेही स्वतःबरोबर मोजल्या गेलेल्या त्या झाडाविरुद्ध, हे माझ्या मनाला लागले. गाडी दुसरीकडे लावू, असे मी सुचवून पाहिले. तिने सांगितले, बाबा ऐकणार नाहीत. त्यांच्या मते त्याने तुमचे नुकसान केले आहे आणि ते त्यांना बघवत नाही.

रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा माणूस माडावर चढलेला होता. शेंडा आधी उतरवायचा म्हणून तो वर दोर बांधत होता. बाबा धुतलेला सदरा घालून, एखाद्या पाहुण्याला निरोप द्यायला उभे राहावे तसे खाली उभे होते. मी सवयीने गाडी माडाखालीच आणली, तेव्हा वरचा माणूस ओरडला की गाडी काढा, वरून काही पडले तर मग कोणी मला बोलायचे नाही. मी गाडीतून उतरलो आणि बाबांना म्हणालो की माड तोडू नका, त्याने काही केलेले नाही. पोचा मी बॉनेटवर बसल्यामुळे पडला होता, राजोडीला, फोटो काढताना.

बाबांनी माझ्याकडे फार मायेने पाहिले. त्यांना ते खरे वाटले नाही. ते पत्नीला म्हणाले, "बघ, तुझ्या झाडापायी स्वतःवर घेतात. असा जावई मिळायला नशीब लागतं." मी म्हणालो, बाबा, खरेच मीच. ते म्हणाले, तुमच्यासारखा शांत माणूस बॉनेटवर कशाला बसेल. मी पत्नीकडे पाहिले. तिचा चेहरा मात्र बदलू लागला होता. सीएनजीची ती रांग तिला आठवत असावी. वरून माणसाने विचारले, तोडू की उतरू, हात अवघडले.

तेव्हा दुसरा उपाय राहिला नाही. मी चष्मा काढून पत्नीच्या हातात दिला, चार पावले मागे गेलो, धावत आलो आणि बसलो. तोच आवाज झाला.

मी उतरल्यावर बाबा पुढे आले. त्यांनी शेजारी शेजारी असलेल्या त्या दोन बशांवरून हात फिरवला, एकीवरून आणि मग दुसरीवरून. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम समाधान आले, कारण त्यांच्या वाडीत नारळ पडला नव्हता. राग त्यानंतर आला. वरचा माणूस माडाला मिठी मारून हसत होता आणि माड हलत होता. पत्नीने चष्मा परत न देता विचारले, "आणि बोनस कशाने गेला?" मी तेही सांगितले: भाव उतरण्याची वाट पाहणे, गाडीवरचे कापड, आरोग्यासाठीचे चालणे. या नव्या पोच्यासाठी क्लेम करणार नाही, हेही मी जोडले. तिने सांगितले की ते उत्तम, पण ती फोटोचे विचारत होती; तो कुठे आहे? पुसला म्हटल्यावर माझ्या सगळ्या अपराधांत तिला त्याचेच अधिक वाईट वाटलेले दिसले.

मी बाबांपुढे वाकून क्षमा मागू लागलो. त्यांनी मला खांद्याला धरून उभे केले आणि माडाकडे बोट दाखवले.

"मला काय सांगता? ज्याच्यावर आळ घेतला त्याला सांगा."

माडाला तू म्हणावे की तुम्ही, याचा मी क्षणभर विचार केला. तो पत्नीच्या जन्माच्या वर्षीचा, तिच्याबरोबर वाढलेला. नात्याने माझा मेहुणाच. आणि मेहुण्याला एकेरी हाक मारण्याइतकी माझी त्या घरात आता पत राहिली नव्हती. मी हात जोडले, आणि शेंड्यावरच्या माणसालाही ऐकू जावे म्हणून आयुष्यात बहुधा प्रथमच आवाज चढवून म्हणालो, "मेहुणे, पोचा मी पाडला, विमा मी बुडवला, आणि नाव तुमचं घेतलं. चूक माझी आहे. मला माफ करा."