पाखराचा वाटा

म्थाविनीला भित्री म्हणणारे गावात पुष्कळ होते आणि ती ते कधी नाकारतही नसे. ज्यांची घरं अभयारण्याच्या कुंपणाला लागून आहेत त्यांनी भ्यायचं नाही तर काय शहरातल्यांनी, असं तिचं म्हणणं. सत्तावन्न वर्षांत तिनं कुंपण मोडून मक्यात शिरलेले हत्ती पाहिले होते, दारातली शेळी बिबट्यानं नेलेली पाहिली होती, आणि एवढं असून लग्न केलं होतं ते नेमकं वनरक्षकाशी. नवरा, खझामुला, एकतीस वर्षं खांद्याला बंदूक अडकवून सिंहांच्या मुलखात पायी हिंडला. ही रोज संध्याकाळी फाटकाच्या आवाजाकडे कान लावून बसली. भिण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत दुसरं कुणी नव्हतं.

तिची सगळ्यात मोठी भीती मात्र सिंहाची नव्हती. ती होती एका साळुंकीहून लहान, करड्या पाखराची. ह्लालाला म्हणतात त्याला. माणूस दिसला की ते झाडावरून चिरचिर करत हाका मारतं, पुढच्या झाडावर जाऊन पुन्हा बोलावतं, आणि असं करत करत मधाच्या पोळ्यापाशी नेऊन पोचवतं. पोळं माणसानं फोडायचं आणि मेणाचा एक तुकडा पाखरासाठी ठेवायचा, हा ठराव पणजोबांच्याही आधीपासूनचा. जो वाटा ठेवत नाही, त्याला पुढच्या खेपेला ते पाखरू मधाकडे नेत नाही, सिंहाच्या पुढ्यात नेऊन उभं करतं.

हा ठराव खझामुलानं मोडला होता, आणि मोडला होता म्थाविनीपायी. चौतीस वर्षांपूर्वी, बसानी पोटात असताना, हिला मधाचे डोहाळे लागले. दुसरं काही पोटात ठरेना. गस्तीवर ह्लालालानं हाक दिली, खझामुला मागे गेला आणि सबंध पोळं, मेणाच्या शेवटच्या चिंधीसकट, डब्यात भरून घरी घेऊन आला. बरोबरच्या म्हाताऱ्या रक्षकानं वाटा ठेव म्हणून सांगितलं होतं, तर हा म्हणाला, पाखराला दुसरं कुणी देईल. म्थाविनीनं बोटं चाटून पुसून खाल्लं आणि मग विचारलं, वाटा ठेवलात ना. हा हसला. त्या दिवसापासून पाखराची भीती जी बसली ती बसलीच. पुन्हा त्या पाखराच्या मागे जाणार नाही असं तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं, आणि त्यानंही ते पाळलं. हाक आली की तो पाठ फिरवून दुसरी वाट धरी.

आता तो सत्तरीला टेकला होता. साखरेच्या दुखण्यानं उजवा डोळा पुरता गेला होता आणि डाव्यात उरला होता तो दाराची चौकट कळण्यापुरता उजेड. दवाखान्यात सांगत, साखर. म्थाविनी मान डोलवी आणि मनात म्हणे, पाखरू. ती रोज सकाळी त्याचे पाय धुऊन तळवे उजेडाकडे करून पाही, कारण त्याला जखम झाली तर कळत नसे आणि भरतही नसे. मग धुतलेले पांढरे मोजे चढवी. बसानीनं आपली जुनी छोटी गाडी त्यांच्याकडे ठेवून दिली तेव्हा चोपन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली तीही त्याच्याचसाठी.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पंधरा दिवसांवर आली होती. उजेड वाढेल किंवा आहे तोही जाईल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. त्याच्या आधी एकदा अभयारण्यात नेऊन आण, पाखरं ऐकायचीत, एवढंच खझामुलाचं मागणं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हे. ती आठवडाभर नाही म्हणाली आणि आठव्या दिवशी पहाटे खायला भाजलेले दाणे आणि मोपानीच्या झाडावरच्या वाळवलेल्या अळ्या बांधून घेऊन गाडीत बसली.

फाटकावर तिनं दोघांच्या वतीनं कागदावर सही केली, की आत गाडीतून उतरणार नाही, जनावरांना काही खाऊ घालणार नाही. आत शिरल्यापासून भांडण सुरू झालं ते दोनच गोष्टींवरून, काच आणि इंजिन.

"काच वर करा," ती म्हणाली.

"काच वर करून ऐकू काय, माझं कपाळ?"

काच खालीच राहिली. इंजिनाचंही तेच. गाडी चालू असली तर त्याला पाखरं ऐकू येत नसत, आणि बंद केली तर ती पुन्हा सुरू होईलच याची खात्री म्थाविनीला नसे, कारण कधी कधी किल्ली दोन-तीनदा फिरवावी लागे. तो बंद कर म्हणे, ती जीव मुठीत धरून बंद करी. मग तो मान वाकडी करून ऐके. त्याच्या कानांनी आणि तिच्या डोळ्यांनी मिळून त्यांचं काम चाले. ती सांगे, काटेरी झाडावर, शेपटी लांब, पोट पिवळं. तो आधीच आवाजावरून नाव सांगून मोकळा झालेला असे. दहा वाजेपर्यंत तिच्या वहीत एक्केचाळीस पाखरं जमली. आपल्याला हे आवडतंय, हे तिनं त्याला कळू दिलं नाही.

चौकात एक उंच जीप समोरून आली आणि रिवाजाप्रमाणे खिडकीला खिडकी लावून थांबली. मोठी दुर्बीण गळ्यात अडकवलेल्या बाईनं विचारलं, काय काय दिसलं. खझामुला म्हणाला, दिसलं काही नाही, एक्केचाळीस पाखरं ऐकली. बाईला त्याचा उलगडा झाला नाही. जाता जाता तिनं सांगितलं की पुढच्या कोरड्या ओढ्यापाशी काल संध्याकाळी दोन सिंहिणी होत्या, आज सकाळपासून दिसत नाहीत.

"दिसत नाहीत म्हणजे गेल्या," खझामुला म्हणाला.

"दिसत नाहीत म्हणजे तिथंच आहेत," म्थाविनी म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

तरी गाडी ओढ्याकडेच वळली, कारण दुसरा रस्ता लांबचा होता. वणवा पसरू नये म्हणून इथं मातीच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांचं गवत जाळून दहा-दहा पावलांची पट्टी साफ केलेली होती. पट्टीपलीकडे कमरेएवढं पिवळं गवत होतं. खझामुलानं थांबायला सांगितलं आणि तिनं सवयीनं इंजिन बंद केलं. त्याच क्षणी त्याच्या बाजूच्या झाडावरून चिरचिर सुरू झाली.

तिनं तो आवाज चौतीस वर्षांत एकदाही लक्ष देऊन ऐकला नव्हता आणि तरी तो तिनं लगेच ओळखला. पाखरू फांदीवर पुढे-मागे उड्या मारत गाडीकडेच बघत होतं. तिनं किल्लीला हात घातला.

खझामुलानं कोटाच्या आतल्या खिशातून एक चपटा डबा काढला. झाकण उघडलं तर आत पोळ्याचा तुकडा होता, मधानं भरलेला. हा बाबा पाखरं ऐकायला आलाच नव्हता.

"तिथं गवतात एक वठलेला बुंधा असेल," तो म्हणाला. "वाटा ठेवायची जुनी जागा आहे. त्यावर ठेवून येतो."

तिनं आधी समजुतीनं घेतलं. जन्मभर गाडीतून उतरणाऱ्यांना दंड ठोकलात, म्हणाली. तो म्हणाला, ठोकला, आणि बरोबरच ठोकला. मग खिडकीतून फेका, म्हणाली. तो म्हणाला, जेवायला बोलावलेल्याचं ताट कुणी फेकतं का.

"बसानीचे बाबा, तुमच्या हातात बंदूक नाही आणि डोळ्यांत उजेड नाही."

"म्हणून तर आज. पुढल्या आठवड्यानंतर मला इकडं कोण आणणार? चौतीस वर्षं मी त्याला पाठ दाखवली. आता मला त्याचं देऊन टाकू दे."

त्याचा हात दाराच्या कडीवर गेला होता. म्थाविनीनं तो हात पाहिला आणि तिला कळून चुकलं की हा उतरणार, बुंधा चुकणार, चाचपडत गवतात शिरणार आणि पाखरू चिरचिर करत याला ओढ्यात नेणार. तिनं त्याच्या मांडीवरचा डबा उचलला.

"मध कुणाच्या पोटात गेला होता? माझ्या. मी ठेवते. तुम्ही जमिनीला पाय लावणार नाही, बसानीची शपथ घ्या."

त्यानं कडीवरचा हात काढला. मग शपथ घेतली आणि म्हणाला, "इंजिन चालू ठेव."

दिवसभरात पहिल्यांदा तो तिच्या मनासारखं बोलला होता. तिनं किल्ली फिरवली, दुसऱ्या फिरवण्याला गाडी सुरू झाली. ती उतरली, समोरून वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि जळक्या पट्टीवरून चालू लागली. दहा पावलं संपली. गवत कमरेला लागलं. आणखी सात-आठ पावलांवर बुंधा होता. तिनं तुकडा त्यावर ठेवला आणि पाखराकडे न बघताच पुटपुटली, "घे बाई, आणि सोड आता आम्हाला." वर चिरचिर थांबली.

मान वर केली तेव्हा पलीकडच्या झुडपाखाली तिला दोन गोल कान दिसले. मग डोळे दिसले. घराच्या ओसरीपासून चुलीपर्यंत असतं, तेवढंच अंतर मध्ये होतं. सिंहीण पोटावर बसून तिच्याकडे बघत होती आणि ती किती वेळापासून बघत होती कोण जाणे. चौतीस वर्षं जे तिनं मनात नवऱ्याच्या पुढ्यात पाहिलं होतं ते आता तिच्या स्वतःच्या समोर बसलेलं होतं.

"तित्तिर ओरडून उठला," मागून खझामुलाचा आवाज आला. "सिंहीण आहे ना? बोलू नको. पळू नको. पळालीस तर संपलं."

ती होती तिथंच उभी राहिली.

"तोंड तिच्याकडंच ठेव. एक पाय मागं. आता दुसरा. घाई नाही, मबुंडाची लेक, आपल्याला कुठं जायचंय." तिच्या माहेरचं नाव घेऊन तो बोलत होता, बसानीला झोपवताना बोलायचा तसा, अगदी एका सुरात. आवाज तिला कानाशीच आल्यासारखा वाटला. भीतीनं असं होत असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. "पाय टाकतेस ते ऐकतोय मी. टाक."

"शेपटी हलवतेय," ती कशीबशी म्हणाली.

"हलवू दे. खांद्यावरचं फडकं सोड आणि दोन्ही हातांनी वर धर. मोठी हो."

तिनं फडकं डोक्यावर पसरून धरलं. सिंहीण अर्धवट उठली, आणि त्याच वेळी मागून खझामुलानं पोटातून एक हाळी घातली, वनरक्षकाची जुनी हाळी, जी ऐकून गावातली कुत्री खाटेखाली जात. सिंहिणीनं मान वळवली, ती नाराजीनं दोन पावलं बाजूला गेली आणि झुडपामागे बसली. म्थाविनी मागे मागे येत राहिली. गवत संपलं, राख लागली, पाठीला गाडीचं गरम तोंड लागलं. तेव्हा कुठे ती वळली आणि धावत आत शिरली.

तो आपल्या जागी बसला होता, पण त्याचं दार नीट लागलेलं नव्हतं आणि कपाळ घामानं भिजलं होतं. दार उघडं का, असं ती ओरडली. नीट ऐकू यावं म्हणून जरा उघडलं होतं, म्हणाला. तिनं पलीकडे वाकून ते दाणकन लावलं आणि गाडी अशी हाकली की वही मागच्या सीटवर जाऊन पडली.

दोन मैल गेल्यावर तिला रडू कोसळलं. "मी मेले असते तर तुम्हाला घरी कुणी नेलं असतं?"

"मला पण तोच प्रश्न पडला होता," खझामुला म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पाखरू गप्प झालं होतं. खात असणार."

कुंपण घातलेल्या मुक्कामाच्या जागी तिनं त्याला बाकावर बसवलं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिनं त्याचे कापडी बूट काढले आणि पाय पाहायला घेतले. सकाळी चढवलेले पांढरे मोजे कुसळांनी भरले होते. घोट्यापासून वरपर्यंत, दोन्ही पायांना, आणि पँटला गुडघ्यापर्यंत.

ती बघत राहिली. जळक्या पट्टीवर एक काडी गवत नव्हतं. गवत सुरू झालं होतं ते दहा पावलांनंतर. इंजिन चालू ठेव, तो म्हणाला होता. परत यायला त्याला आवाज हवा होता.

"काय झालं? जखम आहे का?" त्यानं विचारलं.

"किती पावलं आला होतात?"

झाडावर कुठलंसं पाखरू बोललं, त्याचं नाव त्यानं सांगितलं नाही.

"बसानीचे बाबा, किती?"

"तुझ्या मागं दोन," तो म्हणाला. "रागावलीस?"

म्थाविनीनं त्याचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक कुसळ उपसायला सुरुवात केली. दोन्ही मोजे साफ व्हायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. पायही सोडला नाही.