दोन आठचं माप

बारा मे. आजचं काम : मुदत संपलेल्या नळ्या बाजूला काढणे. रक्त घ्यायच्या नळ्यांनाही मुदत असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आमच्या छोट्या प्रयोगशाळेत निळ्या टोपीच्या नळ्या कमी लागतात, म्हणून त्याच जास्त उरतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहण्यासाठी त्या नळीत रक्त घेतात. दर महिन्याला न चुकता त्यातली एक वापरायला लावणारी बाई आता येत नाही.

ती आली की खुर्चीत बसायच्या आधी माझाच हात ओढून घ्यायची. अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची हाडं दाबायची आणि निकाल द्यायची, "दोन सहा. मागं तू दोन चार होती. काय खाऊन राह्यली बाई?" मग खुर्चीत बसून बाही वर सारायची. "घे. आता तुयी पाळी."

ती बांगड्या भरायची. आदिलाबादला आमच्याच गल्लीत राहायची आणि आठवड्याचे बाजार करायची. बेल्याला, जैनथला, तलमडुगुला. बाजारातल्या तेलुगू बायका तिला गाजुलम्मा म्हणत, आपल्याकडच्या बांगडीवाली म्हणत, मी अक्का म्हणायची. पत्र्याच्या पेटीत काचेच्या बांगड्यांचे खोके, प्रत्येकावर माप लिहिलेलं : २.४, २.६, २.८, २.१०. तिला ते वाचावं लागत नसे. समोरची बाई हात पुढे करेपर्यंत हिनं खोका उचललेला असे.

अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. हात धरला की बोलायला लागतात, आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत चार बांगड्या चढलेल्या असतात. आमच्या अक्काचं वेगळेपण एवढंच, की तिनं हात धरला आणि आजूबाजूला शांत असलं, तर टिक टिक ऐकू यायचं.

लहानपणच्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. नागपूरला शस्त्रक्रिया करून तिथे धातूची झडप बसवलेली. प्रत्येक ठोक्याला ती वाजायची. बाजारातली पोरं विचारायची, "आजी, घड्याळ गिळलं काय?" ती म्हणायची, "हो. म्हणून त मले टाइम विचारा लागत नाही."

धातूच्या झडपेवर रक्त गोठू पाहतं. तिथे गाठ बसली तर झडप अडकते. म्हणून अशा माणसाला जन्मभर रक्त उशिरा गोठावं अशी गोळी घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट अरुंद असते. ती सापडली आहे की नाही, हे सांगायला आमची तपासणी.

पहिल्यांदा आली तेव्हा कागदावर बोट ठेवून तिनं विचारलं होतं, "हा आकडा कायचा?"

मी सांगितलं, "आमी तुमच्या रक्तात औषध टाकतो आणि ते गोठायला किती वेळ लागते ते मोजतो. तुमच्या-माझ्यासारख्या धडधाकट बाईचा आकडा एक."

"मी कायची धडधाकट?"

"बरं, माझा एक. तुमचा दोन आठ. म्हणजे ढोबळ मानानं, माझं रक्त जेवढ्या वेळात थांबते, त्याच्या पावणेतीन पट वेळ तुमच्याले पाहिजे."

"आन् ते बरं हाय का वाईट?"

"तुमच्यासाठी बरं. डॉक्टर म्हणतात अडीचच्या खाली नको, साडेतीनच्या वर नको."

तिनं जरा विचार केला. "म्हंजे माप हाय. घट्ट झाली त फुटते, ढिली झाली त गळून जाते. मायं माप दोन आठ."

मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं. पुढे ज्यांना गोळी सुरू होई, त्यांना मी तेच सांगू लागले. फक्त मुसलमान मोहल्ल्यातल्या एका चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मैं चूड़ी नहीं पहनता."

अक्का शिस्तीची होती. अंबाडीच्या दिवसांत एकदा तिचा आकडा घसरला. रोज दोन्ही वेळेला अंबाडीचीच भाजी चालली होती. पालेभाजीनं त्या गोळीचा जोर कमी होतो. डॉक्टर रागावले, तशी तिनं भाजीच सोडून दिली, आणि आकडा चढून जवळजवळ चारवर गेला. डॉक्टरांनी काही दिवस अर्धी गोळी कमी केली. मग मी तिला बसवून सांगितलं, "अक्का, सोडू नका. रोज सारखी खा. एक मूठ म्हणजे एक मूठ." त्यानंतर ती लग्नाच्या पंगतीतही वाढप्याला म्हणायची, "एक मूठ दे रे बापा, मायं माप बिघडते."

माझ्या नळ्यांवर तिचा डोळा असे. "लाल हाय, जांभळी हाय, निळी हाय. हिरवी काऊन ठेवत नाही? बाईमाणसाच्या दुकानात हिरवं पायजे."

"हे दुकान नाही, अक्का."

"काऊन नाही? तू टोचते, मी भरतो. दोघींचाही धंदा हाताचाच."

काचेचा धंदा आणि ही गोळी, दोन्ही एकत्र नांदणं कठीण. बांगडी फुटून बोटाला लागलं की तिचं रक्त थांबायला तयार नसे. पेटीत ती स्वच्छ फडकं ठेवायची, बोटाला गच्च गुंडाळायची आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाईक करायची. नागपूरचा मुलगा म्हणायचा, प्लास्टिकच्या विक. ती म्हणायची, "पिलास्टिक वाजते काय?"

मग गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे नवं मशीन आलं. जुनं मशीन दशांशाच्या पुढे एकच अंक छापायचं, नवं दोन छापू लागलं. रिपोर्टही हातात द्यायच्याऐवजी फोनवर जाऊ लागले. अक्काचा रिपोर्ट तिच्या फोनवर गेला. त्यावर होतं २.१०.

तुम्ही-मी ते वाचू तर दोन पूर्णांक एक वाचू. दोन आठपेक्षा कमी, अडीचच्याही खाली. लगेच डॉक्टरांकडे जायचं, गोळी वाढवून घ्यायची. पण जिनं उभा जन्म खोक्यांवरचे आकडे पाहिले, तिच्यासाठी आठनंतर दहा येतात. बांगडीचं माप दोन इंच आणि वर सोळा भागांतले किती, असं असतं. २.१० चा खोका २.८ च्या खोक्यापेक्षा मोठा. तिनं पाहिलं, माप वाढलं. वाढलं की अर्धी गोळी कमी करायची, हे डॉक्टरांनी एकदा शिकवलेलं होतं. तिनं आपणच अर्धी कमी केली.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं; आकडा कमी आहे म्हणून ती डॉक्टरांकडे गेलीच असेल, असं मी धरून चालले. लग्नसराई लागली. ती तपासणीला आली नाही. मी निरोप धाडला, उत्तर आलं, "लगनं आटपू दे, येतो."

चैत्रात आमच्या शेजारच्या मुलीचं लग्न निघालं. दुसऱ्या दिवशी लग्न, आणि संध्याकाळी घरी चुडा भरायला अक्का आली. ओसरीत सतरंजी, मधे नवरी, भोवती गल्लीतल्या बायका. अक्का जिना नसलेल्या घरातही धापा टाकत आली. "ऊन लय हाय," म्हणाली. ऊन होतंच, पण उतरलं होतं.

तिनं नवरीचा उजवा हात घेतला, साबण लावला आणि हिरवा चुडा भरायला लागली. थट्टा चालली होती. "हळू दाब गं अक्का, उद्या नवऱ्याले हाच हात पायजे." "त्याले पायजे म्हणूनच नरम करून राह्यलो." बायका हसल्या. मी तिच्या शेजारीच बसले होते. हसू ओसरलं, सगळ्या क्षणभर गप्प झाल्या, आणि मला काहीच ऐकू आलं नाही.

मी कान तिच्या पाठीजवळ नेला. टिक टिक नव्हती. आत कुठेतरी दबलेला, गोधडीखालून यावा तसा आवाज होता.

"अक्का, गोळी चालू हाय न?"

"हाय न. अर्धीच घेतो. माप वाढलं न मायं. आठाचं धा झालं." तिनं फोन काढून दाखवला.

मी आकडा पाहिला. तिच्या मांडीशी ठेवलेला २.१० चा खोका पाहिला. पुढचं मला कोणी सांगायची गरज उरली नाही.

"उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं."

"काऊन?"

"माप वाढलं नाही, कमी झालं. लय कमी. झडपेवर गाठ बसत असल."

तिला समजलं. चेहऱ्यावरून दिसलं. पण नवरीचा हात तिनं सोडला नाही. "एक हात भरला, एक उघडा. नवरीले असं ठेवून कशी उठू? भरतो आन् जातो."

"नाही."

"दहा मिन्टं."

नवरीची आईही म्हणाली, "अपशकुन होते वं बाई, एक हात भरला की..."

मी माझ्या रोजच्या आवाजात बोलले. जो आवाज सुईला घाबरणाऱ्या मोठ्या पुरुषांवर चालतो, तो. "हिला काही झालं तर तो अपशकुन मोठा. गाडी काढा. दुसरा हात मी भरते."

"तू?" अक्का हसायला लागली, आणि हसता हसता तिला धाप लागली. "तू टोचणारी."

"मला सांगा कसं ते."

तिनं नवरीच्या बापाची जीप दारात येईपर्यंत सांगितलं. अंगठा दुमड. साबणाची कंजुसी करू नको. हाडावर आली की थांब, जोर तू लावू नको, तिले हात ढिला सोडू दे. घाई करशील त काच आपल्यातच शिरते. मग ती उठली, दोन बायकांच्या आधारानं जीपमध्ये बसली, आणि खिडकीतून ओरडली, "दोन चारचीच घेशील! लहान घेतली त पोरीचा हात सोलून काढशील!"

मागोमाग मीही दवाखान्यात गेले, आणि इथल्या डॉक्टरांनी पहाटे तिला नागपूरला पाठवलं. गाठ झडपेवरच बसली होती. ती विरघळवायचं औषध दिलं. मधे बरं वाटलं. मुलाचा फोन आला, "आई बोलून राह्यली, नर्सच्या हाताचं माप सांगते." नंतर त्या गाठीचा एक तुकडा सुटून मेंदूकडे गेला. मग फोन आला तो वेगळा होता.

मशीनवाल्याला बोलावून मी दशांशाचा एक अंक काढून टाकला. आता गोळीवाल्या माणसांचे रिपोर्ट फोनवर जात नाहीत. कागद मी हातात देते आणि कमी की जास्त ते तोंडानं सांगते. त्यांनाही परत तोंडानं म्हणायला लावते. काही जण वैतागतात. वैतागू दे.

पण हे सगळं नंतरचं. त्या लग्नाच्या दिवशी सकाळी हे काहीच कळलेलं नव्हतं, ती नागपूरच्या वाटेवर होती, आणि मी दिलेला शब्द बाकी होता. आंघोळ करून मी शेजारी गेले, तिनं ठेवून गेलेला दोन चारचा खोका उघडला, नवरीच्या डाव्या हाताला साबण लावला. पहिल्या तीन फुटल्या. "फुटल्या नाही, वाढल्या म्हणावं," नवरीची आत्या म्हणाली. चौथी चढली. सातवी की आठवी हाडावर कडकन गेली आणि माझ्या बोटात शिरली. थेंब आला, दुसरा आला. मी पदर दाबून धरला आणि वाट पाहिली. उचलून पाहिलं तर थांबलं होतं. इतक्या लवकर.



"काकू," नवरी म्हणाली, "अजून चार राह्यल्या."