करंजाच्या नावाने दिलेली हरकत

स्वारगेटजवळच्या आमच्या कॉलेजात मी एकोणीस वर्षं इंग्रजीतली रोमँटिक कविता शिकवते आहे. निसर्गापासून तुटलेला माणूस आतून वाळत जातो, हे त्या कवींचं म्हणणं मी दरवर्षी अगदी रंगून सांगते. सांगताना हात आपोआप खिडकीबाहेरच्या झाडाकडे जातो.

यंदा जानेवारीत त्या झाडावर महापालिकेची नोटीस ठोकलेली दिसली. रस्ता रुंद करायचा होता. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी द्या, असं त्यात होतं. झाडाचं नाव मात्र दवाने पुसलं होतं. मी लगेच लिहायला बसले. सावली, पक्षी, मुलांच्या पिढ्या, दोन पानं झरझर भरली. अडले ती ‘झाडाचे नाव’ या रकान्यापाशी. निसर्गावर तासन्‌तास बोलणारी बाई खिडकीतल्या झाडाचं नाव विचारत फिरते आहे, या कल्पनेनेच मला लाज वाटली. पानं करंजासारखी दिसत होती, म्हणून करंज लिहून टाकलं.

मुदत संपल्यावर चौकशीला गेले. कार्यालयातल्या गृहस्थांनी अर्ज सावकाश वाचला.

“मॅडम, आपला करंज फाटकाजवळ आहे. त्याला कुणी हात लावत नाही. निश्चिंत राहा.”

“अहो, मला खिडकीजवळचं झाड म्हणायचं होतं.”

“त्याच्यासाठी कुणाचीच हरकत आलेली नाही.”

दुसरा अर्ज घ्या म्हणून मी गयावया केली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

परत आले तेव्हा वर्ग झाडणाऱ्या मावशी दारातच होत्या. त्या वारज्याच्या जुन्या गावातल्या. त्यांना सगळं सांगितलं.

“वावळा हाय त्यो,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यात त्याच्या चपट्या बिया उडून वर्गात येत्यात, मीच झाडून काढते. मला इचारायचं की, बाई.”

त्यांच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं, तरी मी चिडले. खरा राग माझाच मला आला होता, आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

सोमवारी माझा तास चालू असतानाच करवत सुरू झाली. मागच्या बाकांवर काही ऐकू जाईना. मी मुलांना खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या आणि कविता पुढे शिकवत राहिले.