जगनच्या तीन बॅटऱ्या

गव्हाणचा जगन लग्नाचे फोटो काढायचा. पण पनवेल तालुक्यात त्याची खरी ओळख म्हणजे 'फोटो दाखवत नाय तो'. फोटो काढला की नवरीच्या मैत्रिणी धावत यायच्या, "काका, बघू ना कसा आला!" आणि जगन मान हलवायचा. कॅमेऱ्याच्या मागचा तो छोटा पडदाच सगळी बॅटरी खातो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने तो कायमचा बंद करून टाकला होता. दोन फोटोंच्या मध्ये तो कॅमेराही बंद करी. फ्लॅश म्हणजे तर त्याच्या लेखी निव्वळ चैन. मांडवात उजेड कमी पडला तर तो नवरा-नवरीलाच उचलून दारात आणून उभं करी.

त्याची बायको भामा उरण नाक्याच्या बाजारात मासळी विकायची. ती म्हणे, "घरात पंखे गरागरा फिरतान, टीवी कुनी बघत नाय तरी चालू. आनि सगली काटकसर काय ती त्या कॅमेऱ्यात!"

पण जगन होरपळलेला माणूस होता. डिजिटल कॅमेरा नवा नवा घेतला होता तेव्हाची गोष्ट. बेलपाड्याला लग्न होतं. अंतरपाट खाली गेला आणि नेमके त्याच क्षणी कॅमेऱ्यातले पेन्सिल सेल संपले. दुकानातून नवे आणेपर्यंत हार घालून झाले, अक्षता पडल्या, लोक जेवायला पळाले. नवऱ्याचा मामा हटून बसला, अंतरपाट पुन्हा धरा. लग्न लावणारी धवलारीण म्हणाली, "एकदा लागलेलं लगीन मी परत लावनार नाय." मग मामाने स्वतःच मंगलाष्टकं म्हणायला घेतली. दुसऱ्या ओळीला ती आठवेनात, म्हणून त्याने गणपतीची आरती सुरू केली. त्या अल्बमात नवरा-नवरी पुन्हा हार घालताहेत आणि मागे वऱ्हाड आरतीच्या टाळ्या वाजवत उभं आहे.

तेव्हापासून जगन तीन बॅटऱ्या बाळगू लागला. थोरली, मधली आणि धाकटी, अशी त्यांना नावंसुद्धा ठेवली. थोरली दमली की मधली, मधली दमली की धाकटी.

गेल्या मे महिन्यात त्याला खांदा कॉलनीतलं एक लग्न मिळालं. किशोरीताईंची मुलगी रिया. घर कडक शाकाहारी. ऊन असं की हॉलच्या पायऱ्यांवर पाय ठेवता येईना. कॅमेरे दुरुस्त करणारा देवेश त्याला आदल्याच आठवड्यात म्हणाला होता, "उन्हाने बॅटरीचं आयुष्य कमी होतं. जरा गारव्यात ठेवत जा." देवेशच्या मनात होती सावली. जगनने ऐकला बर्फ.

त्याने भामाला न विचारता तिची मासळीची लहान पेटी उचलली, धुतली, तळाशी बर्फ घातला, थोरली आणि मधली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यावर निजवल्या आणि पेटी आपल्या झोळ्यात ठेवली. थोरल्या दोघींना गारवा मिळावा म्हणून त्या दिवशी पहिली पाळी धाकटीची; ती कॅमेऱ्यात होती. पेटी त्याने खरोखर घासून धुतली होती. पण मासळीची पेटी धुतली तरी मासळीचीच राहते.

अकराच्या सुमाराला हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. विहीणबाईंनी, म्हणजे नवऱ्याच्या आईने, नाकाला रुमाल लावला. सुमतीबाई त्यांचं नाव. त्या किशोरीताईंच्या कानाशी लागल्या, "तुमच्याकडे लग्नात... असलं चालतं का?"

किशोरीताई तडक स्वयंपाकघरात. भगवान आचाऱ्याला सगळ्या पातेल्यांची झाकणं उघडायला लावली. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी. भगवानने झारा खाली ठेवला.

"ताई, वीस वर्षं लग्नं करतोय. माझ्या हातून अंडंसुद्धा फुटलेलं नाही."

"मग वास कुठून येतोय?"

"आता वास कोण आणतं ते मी काय सांगू? मी गॅस बंद करून घरी जातो."

त्याला कसंबसं थांबवून त्या बाहेर आल्या. वास आता व्यासपीठाकडून येत होता. थोड्या वेळाने वरपक्षाच्या खुर्च्यांकडून. जिथे फोटोग्राफर तिथे वास. जगनला मात्र पत्ताच नाही. जन्म मासळीत गेलेला. त्या वासाला तो नुसती हवा समजत होता. उलट किशोरीताईंना तो आपलेपणाने म्हणाला, "बाहेर गटार तुंबलं असंल, ताई. कॉलनीत असंच होतं."

तेवढ्यात एक मांजर आलं. पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत ते सरळ जगनच्या झोळ्यापाशी गेलं आणि आत डोकं घालून बसलं.

किशोरीताईंनी झोळा उघडला. "हे काय आहे?"

"बॅटऱ्या हायत, ताई."

"बॅटऱ्यांना कोळंबीचा वास?"

"कोळंबी नाही," रुमालाआडून सुमतीबाई सहज म्हणाल्या, "ओले बोंबील आहेत."

सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "म्हणजे... आमच्या शेजारी करतात."

पहिली हसली ती रिया. मुंडावळ्या हलायला लागल्या, तिला थांबवेना. मग नवरा हसला, आणि मग किशोरीताईंनाही राग धरवेना. जगनने मात्र त्या हसण्याचे दोन फोटो घेतले. हातच तसे चालायचे त्याचे.

पेटी बाहेर गेली, मांजर तिच्यामागून गेलं. पण पिशवीची गाठ सुटून थोरली-मधलीत पाणी शिरलं होतं. जगनने त्या कोरड्या पुसल्या, पण कॅमेऱ्यात घालायचा धीर होईना. उरली अर्धी धाकटी, आणि मुहूर्त, सप्तपदी, पाठवणी सगळं बाकी. त्याने हात जोडले आणि खरं सांगून टाकलं.

मग सगळं लग्न त्या अर्ध्या बॅटरीवर चाललं. आत्या-मावश्यांचे वेगळे फोटो बंद, सगळे एकदम उभे राहा. रुखवताचा एक. जेवणाच्या पंगतीचा नाही. "डोले उघडे ठेवा, परत काढनार नाय," अशी आरोळी जगन देई आणि दोन्हीकडचे व्याही सैनिकासारखे ताठ उभे राहत. गुरुजी तर खूश झाले. कॅमेऱ्यासाठी कोणी त्यांना थांबवलंच नाही.

पाठवणी झाली. जगन निघाला तेव्हा भगवान आचारी आडवा आला. "आळ माझ्यावर आला. आता माझा एक फोटो झालाच पाहिजे." तो जिलबीच्या कढईपाशी उभा राहिला, जगनने बटण दाबलं आणि धाकटीने डोळे मिटले.

अल्बम पाहून किशोरीताई म्हणाल्या, "आमच्या घरातला हा पहिला अल्बम, ज्यात एकही माणूस तोंड उघडून घास घेत नाहीये." रियाच्या हसण्याचा फोटो त्यांनी मोठा करून घेतला.

भगवानचा फोटो द्यायला जगन स्वतः त्याच्या घरी, कामोठ्याला गेला. भगवानने तो बराच वेळ निरखला.

"माझे डोळे मिटलेत यात."

"हां, मिटलेत," जगन म्हणाला. "पन कढई झकास आली हाय."