दाजींच्या ताटातलं वांगं

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आता देवळाली प्रवऱ्यात कुणालाही विचारा — भाऊसाहेबानं एखादी गोष्ट पोटात ठेवली म्हणाल, तर माणूस चहाचा कप खाली ठेवून हसेल. मुळा धरणातल्या कटला माशानं माझी होडी उलटी ओढत थेट भिंतीपर्यंत नेली, हे मी सांगितलेलं. मुरुडला एवढं पापलेट आलं की शेपूट शेजारच्या टेबलावर ठेवावं लागलं, आणि शेजारचा गडी तेवढ्या शेपटावरच जेवून उठला — तेही मीच. मी फुगवून सांगतो, हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. त्याला माहीत आहे, हे मला माहीत असतं. कुणाचं काही जात नाही.

ही मात्र फुगवलेली नाही. म्हणूनच बहुधा — सांगायला कधी तोंड उघडलं नाही.

माझी प्रवाशांची गाडी आहे. ऊस कारखान्याला गेला, शेतातलं काम जरा सैल पडलं, की आमच्या भागातल्या माणसाला समुद्र आठवतो. आणि समुद्र आठवला की मी आठवतो. किनाऱ्यावर कुठं जेवायचं हे मला कळतं. माझ्या बढायांमधली तेवढी एक खरी आहे. तुम्हालाही सांगतो. ज्या हॉटेलच्या पाटीवर रंगवलेला खेकडा हसतोय, तिथं गाडीचा वेगसुद्धा कमी करू नका. दारातली मांजर तुमच्याकडं धावत आली तर पुढं चला — ती उपाशी आहे, म्हणजे आत काही नाही. पण मांजर पायरीवर लोळतेय, पुढ्यात बांगड्याचं डोकं पडलंय आणि तिला उठायचा कंटाळा आलाय, अशा घरी चपला काढा. मालकिणीला विचारा, आज काय आहे? तिनं दहा नावं घेतली तर हात न धुता उठा. ‘आज बोंबील हाय, दुसरं काय नाय’ म्हणाली, तर बसा, आणि ती उठवील तेव्हाच उठा.

बघा — झालो सुरू. सांगायचं काय होतं, आणि मी मांजरीवर.

दाजींचं सांगायचं होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोले तालुक्याच्या डोंगरातले, भाताची खाचरं कसणारे. मिसरूड फुटायच्या आत त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आली. माळकरी माणूस मांस-मच्छी खात नाही, हे कुणालाही ठाऊक; दाजींचं त्याच्याही पुढचं — मच्छी शिजलेल्या भांड्यातलं पाणीसुद्धा नाही. आणि तरीही दुसऱ्याच्या ताटाकडं बघून त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. मी त्यांच्यासमोर बसून तासन्‌तास सुरमईच्या गप्पा हाणायचो. ते हसत ऐकायचे. म्हणायचे, “भाऊ, तुझी मच्छी ऐकूनच पोट भरतं. खायची गरजच न्हाई.”

अशा माणसाला मी समुद्रावर नेलं.

अक्काला एकदा समुद्र बघायचा होता. दाजी तयार होते, पण त्यांची एकच अडचण होती — “तिकडं माझ्या जेवणाचं कसं?” मी छाती ठोकली. “दाजी, मुरुडच्या अलीकडं माझं ठरलेलं घर हाय. माळकऱ्याला वेगळी चूल, वेगळी भांडी. चूलसुद्धा देव्हाऱ्याकडं तोंड करून मांडलेली!” असं घर होतं का? कुठलं असायला! पण तोंडातून निघालं, आणि गाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं. दाजी निर्धास्त झाले. वाटेत लोकांनी खिचडी घेतली, वडे घेतले. दाजींनी केळंसुद्धा घेतलं नाही. भूक ठेवली — माझ्या त्या चुलीसाठी.

घाटात अक्काला गाडी लागली. किनाऱ्याला पोचलो तेव्हा ती मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली. बाकीची मंडळी भुकेनं कावलेली. मी गाडी लावली ती मावशींच्या दारात. मावशी म्हणजे माझी नेहमीची जागा. पडवीत बाकडी टाकून मच्छीचं जेवण देतात. उतरता उतरता एकानं टोमणा मारला, “काय भाऊसाहेब, ही व्हय तुमची देव्हाऱ्याची चूल? हिला तर बोंबलाचा वास येतोय!” सगळे हसले. दाजी सोडून. दाजी हात-पाय धुवायला गेले होते.

मी आत स्वयंपाकघरात गेलो. विचारलं, “मावशी, एक माळकरी पाहुणे हायेत. काय मिळंल?”

“भात हाय, सोलकढी हाय,” मावशी म्हणाल्या. “वांग्याची भाजी हाय, पण तिच्यात सुकट कुटून घातलीय. जरा थांबा. वेगळ्या टोपात बटाटा टाकते.”

सुकट म्हणजे वाळवलेली बारीक मच्छी. भाजून, कुटून खोबऱ्याच्या वाटणात मिसळली की डोळ्याला दिसत नाही. चव तेवढी राहते.

जरा थांबा — एवढंच म्हणाल्या त्या. बटाटा शिजायला असा कितीसा वेळ लागतो?

मी थांबलो नाही. का? बाहेरची हसणारी तोंडं होती. घाई होती. अब्रू होती — चूल दाखवता येत नव्हती, निदान ताट तरी लगेच दाखवायचं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत, पण ती मी मागाहून गोळा केली. त्या क्षणी आधी आलं ते हसू. त्या टोपाकडं बघून मला हसू फुटलं. माळकऱ्याला सुकट चारल्याची गोष्ट! गावात कट्ट्यावर ती कशी सांगायची, कुठं थांबायचं, कुठं डोळा मारायचा — सगळं तिथंच, चुलीसमोर उभ्या उभ्या जुळलं. एवढ्यासाठी. एका गोष्टीसाठी.

“थांबायला येळ न्हाई. वांग्याचीच वाढा,” मी म्हणालो. मावशींनी पळी घट्ट धरली. “नाय हां. गळ्यात माळ हाय त्यांच्या. मी नाय वाढायची.”

पळी मी त्यांच्या हातातून काढून घेतली. ताट मी भरलं. पडवीत मी नेलं. आणि म्हणालो, “घ्या दाजी. वेगळ्या चुलीवरचं.”

दाजींनी ताटाभोवती पाणी फिरवलं. हात जोडले, डोळे मिटले. मी समोरच उभा होतो. त्यांचे डोळे मिटलेले, ताट माझ्या हाताच्या अंतरावर — उचललं असतं तर कुणी काही विचारलंही नसतं. केस पडलाय म्हणालो असतो. मुंगी पडलीय म्हणालो असतो. आयुष्यभर ज्याच्या जिभेवर थापा नाचल्या, त्याला तेव्हा एक उपयोगाची थाप सुचू नये?

त्यांनी घास घेतला. किनाऱ्यावर साऱ्या हवेलाच मच्छीचा वास. वासावरून काय कळणार? आणि ज्यानं ती चव कधी घेतलीच नाही, त्याला ती ओळखू कशी येणार? ते थांबले. माझ्याकडं बघितलं.

“भाऊ,” दाजी म्हणाले, “असलं वांगं जन्मात खाल्लं न्हाई रे.”

त्यांनी भाजी पुन्हा मागितली. मी पुन्हा वाढली.

जेवण झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात गेले, मावशींना हात जोडले. “माउली, अन्नपूर्णा हाय तुमी.” मावशींनी तोंड भिंतीकडं फिरवलं. दाजींना वाटलं, बाई लाजल्या.

परतीच्या वाटेवर दाजी माझ्या शेजारच्या सीटवर होते. मागं वळून वळून अक्काला त्या भाजीबद्दल सांगत होते, जत्रेतून आलेल्या पोराच्या आवाजात. ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे केलं, ती मी गावात सांगितलीच नाही. कशी सांगणार? ती हसण्यासारखी राहिलीच नव्हती.

इथं थांबलं असतं तरी एक वेळ... नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू? इथं थांबायला हवं होतं, असं म्हणायचाही मला हक्क नाही.

अक्कानं घरी ती भाजी करायला घेतली. पुन्हा पुन्हा केली. दाजी जेवायचे, म्हणायचे, “झ्याक झालीय. पर तिथली गोष्ट न्यारी.” त्यांच्या मनात काही नसायचं. अक्काच्या मनाला मात्र लागायचं. एकदा तिनं मला चुलीपाशी बोलावलं आणि हळूच विचारलं, “तू तर आत गेल्तास ना रे? काय घालती ती बाई?” मी म्हणालो, “खोबरं जास्त घालती.” अक्का खोबरं वाढवत गेली. अजून वाढव, म्हणालो. माझी बहीण दोन वर्षांमागं गेली — आपल्या हाताला चव नाही, असं मानून गेली.

मध्ये एकदा नातवाच्या वाढदिवसाला पोरानं दाजींना केक भरवला. त्यात अंडं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. दाजी कुणावर चिडले नाहीत. दिवसभर उपाशी राहिले, महाराजांकडं जाऊन माळ पुन्हा घालून घेतली, आणि येताना नातवाला खाऊ घेऊन आले. मला म्हणाले, “नकळत झालं तर देव बघून घेतो, भाऊ. कळल्यावर लपवलं, तर ते पाप.” मी मान हलवली. चांगली जोरात हलवली.

म्हणजे मला माहीत होतं. सांगितलं तर ते काय करतील, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. एक दिवस उपास, नवी माळ, आणि मला माफी — तीही हसत. त्यांचं काहीच बिघडणार नव्हतं. बिघडलं असतं ते माझं. “भाऊसाहेब जेवायला नेतो ना, डोळे मिटून जावं” — हे म्हणणारी माणसं.

आणि ती माणसं वाढतच होती. दाजींनी साऱ्या माळकरी मंडळींत सांगितलं: कोकणात जेवायचं तर त्या माउलीच्या घरी, वेगळी चूल हाय, आमचा भाऊ नेतो. मंडळी माझ्याकडं आली. गाडी ठरवायची म्हणाली. आता? पुन्हा तिथं नेऊ? मावशी या वेळी गप्प बसल्या असत्या का? मी मान खाली घातली आणि म्हणालो —

“मावशी वारल्या.”

इतकं सोपं होतं ते. धडधाकट बाई, माझ्या एका वाक्यात गेली. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यानंतर दर वर्षी गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी दाजी एक पंगत घालतात. वांग्याची भाजी आणि भात. स्पीकरवरून पुकारा होतो — “कोकणातल्या अन्नपूर्णा मावशी यांच्या स्मरणार्थ!” सारा गाव हात जोडतो. आणि वाढायला कोण? मी. मानाचा वाढपी. दाजींचाच हट्ट — “तूच वाढायची, भाऊ. मलाबी तूच वाढली हुतीस.” मी भाजीची बादली घेऊन पंगतीतून फिरतो. एका वर्षी फिरता फिरता खिशातला मोबाईल वाजला. मावशींचा होता. रविवारी किती माणसं आणताय, सुरमई किती ठेवू, विचारत होत्या. मागं स्पीकरवर त्यांच्याच नावाचा गजर चालला होता. “कसलं भजन हो?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सप्ताह हाय. “माझाबी नमस्कार सांगा देवाला,” त्या म्हणाल्या.

माझ्या जागी दुसरा कुणी असता, तर ही गोष्ट मी त्याच्यावर घालून सांगितली असती. लोक गडाबडा लोळले असते.

मावशी अजून विचारतात. प्रत्येक खेपेला, ताट ठेवता ठेवता — “ते तुमचे माळवाले दाजी, त्यांना सांगितलंत ना?” मी म्हणतो, हो, केव्हाच सांगितलं, हसले ते. मावशींना बरं वाटतं. त्यांच्या मनावरही ते ओझं आहे, मी चढवलेलं, आणि तेही मी अशा खोट्यानं झाकून ठेवलंय. दाजींच्या लेखी मावशी मेलेल्या, मावशींच्या लेखी दाजी हसलेले. दोन्हीकडं माझं ताट मांडलेलंच असतं.

दाजी आता थकलेत. अक्का गेल्यापासून घरात बोलणं कमी झालंय. काठी घेऊन ओसरीपर्यंत येतात, माळ बोटांत फिरवत बसतात. परवा फोन आला. आवाज इतका बारीक, की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

“भाऊ, ती माउली न्हाई राह्यली, पर तिचं घर आसंल ना? एकदा ने मला. उंबऱ्याला हात लावतो. तिच्या मागं कोन आसंल, त्यांना भेटतो. तुज्या अक्काच्याबी मनात लई हुतं — त्या बाईला इचारायचं, काय घालती म्हनून. पुढच्या सालचं मला काय भरवसा वाटत न्हाई.”

मी ऐकत होतो. सांगायला याहून चांगली जागा कुठली मिळणार होती? रस्ता मोकळा होता, गाडी बंद होती, शेजारी कुणी नव्हतं. दाजी थांबले होते. मी तोंड उघडलं.

“दाजी, माळशेजला दरड कोसळलीय. घाट बंद हाय. उघडला की जाऊ.”

“बरं,” दाजी म्हणाले. “तू म्हनतोस तर थांबू. दरडीचं काय सांगावं. तू पन जपून चालव रं.”

घाट उघडा आहे. रविवारीच मी त्या घाटानं आलो, मावशींकडं जेवून.