आपण म्हणजे कोण

मटार सोलता सोलता माझी नात ईरा टीव्हीवरच्या बातम्या मला मराठीत सांगते. तिचा जन्म इथला, हॉलंडमधला, त्यामुळे तिचं मराठी नवशिक्याच्या सायकलीसारखं जरा डुलतं. काल म्हणाली, "आजी, बाहेरून आलेल्या लोकांना आपण आता परत पाठवणार म्हणे."

तिचं ते "आपण" ऐकून मला हसूच आलं. "आम्ही" म्हटलं की समोरचा दाराबाहेर राहतो, "आपण" म्हटलं की आत येतो. लग्न होऊन इथे आले तेव्हा मी कुणालाच आत घेत नव्हते. जिथेतिथे माझं एकच, "आमच्याकडे असं नसतं!" इथल्या खोक्यातल्या ताकालासुद्धा मी ते सुनावलं होतं. केवढी मिजास तेव्हाच्या त्या नव्या नवरीची!

"आपण म्हणजे कोण गं?" मी ईराला विचारलं.

"तू, मी, बाबा. सगळे."

"आणि बाहेरून आलेले?"

तिचा हात शेंगेवर थांबला. माझ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "मग आपण नाही. ते पाठवणार."

माझ्यासाठी पोरीने एका शब्दात आपला देश सोडून दिला. मला गलबलून आलं, पण पटलं नाही.

"नाही गं राणी, आपणच म्हण. 'ते' म्हटलं की नुसतं घाबरायचं उरतं. आपल्या माणसांशी भांडता तरी येतं."

तिने जरा विचार केला. मग टीव्हीतल्या टायवाल्या मंत्र्यावर शेंग रोखून कडाडली, "अहो काका, आपण असं का करतोय?"